भरत जाणारं पिंप

१

अडतीस वर्षं मी व्हिस्की हुंगून तिची किंमत ठरवली आणि त्या अडतीस वर्षांत कामाच्या वेळी एक थेंबही गिळला नाही. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं पाहतात, जणू मी मिठाईच्या दुकानात बसून उपास केले. खरं म्हणजे गिळणारे पुष्कळ असतात. हुंगणारा या भट्ट्यांच्या मुलखात, स्पे नदीच्या काठी, एखादाच.

डॅलनाशीलच्या भट्टीत मी कारकून म्हणून लागलो. नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, एवढंच काम. एका सकाळी मोठ्या साहेबांना सर्दी झाली होती. गंमत म्हणून त्यांनी पेला माझ्यापुढे सरकवला. मी म्हणालो, "हे पिंप तीन नंबरच्या गोदामात ओढ्याकडच्या दाराशी आहे, आणि ते दार नीट लागत नाही." माणूस पाठवून पाहिलं. पिंप तिथंच होतं, दार फुगलेलं होतं. त्या दिवसापासून पगार माझ्या नाकाला मिळू लागला. बाकीचा मी त्याच्याबरोबर येत असे.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नेट्टाला, म्हणजे बायकोला, जाऊन चार. घरात मी आणि एक काळं मांजर. त्याच्या गळ्याशी पांढरा पट्टा आहे, म्हणून नेट्टानं त्याचं नाव पाद्री ठेवलं होतं. नेट्टाचा एक डोक्याचा रुमाल मी टॉफीच्या पत्र्याच्या डब्यात, झाकणाला मेण लावून ठेवला आहे. वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवशी, झाकण उघडून तीन श्वास घ्यायचे आणि बंद करायचं. चौथा नाही. वास हा साठा असतो, आणि साठा कसा राखायचा हे मला कोणी शिकवायला नको.

ऑक्टोबरात इशबेल रॅट्रेचा फोन आला. ही माझी शागीर्द. मी सोडलेल्या खुर्चीवर आता ती बसते. "सर, भट्टी विकली गेली. नवे मालक जुन्या साठ्यातलं एक पिंप डॅलनाशीलच्या नावानं बाटल्यांत भरणार आहेत. शेवटचं. बाटलीवर परीक्षकाचं नाव छापायचंय, आर्चिबाल्ड गेडिस. तुमचं."

मी विचार करायला दोन दिवस मागितले. विचार दोन मिनिटांत झाला होता. उरलेला वेळ कोट झटकण्यात गेला.

२

नमुन्यांची खोली होती तशीच होती. उत्तरेकडे एकच खिडकी, पांढरं टेबल, कोपऱ्यात दगडी मोरी, फरशीखालून ओढ्याचं पाणी जातं त्याचा सतत घरघराट. बैठक सकाळी अकराला, कारण तोवर नाक जागं होतं आणि पोट अजून बोलत नसतं. त्या दिवशी साबण नाही, नाश्त्याला मासळी नाही. पेले निळ्या काचेचे, आतला रंग दिसू नये म्हणून. रंग पाहून किंमत करणारे लोक लग्नंही तशीच करतात.

पिंपांचे नमुने वॉटी इमलाख घेऊन आला. वॉटी गोदामाचा मुकादम, माझ्याच वयाचा. निवृत्त व्हायला सांगितलं तर त्याला ऐकू येत नाही.

"या, नाकोबा!" तो म्हणाला. "पालखी कुठं ठेवू?"

"तुझ्या तोंडाला बूच मिळालं नाही का अजून?"

"मापाचं मिळत नाही साहेब. तुमच्या नाकाला झाकण मिळतं का, तसंच."

"दोघं गप्प बसा," इशबेल म्हणाली. पन्नाशीची बाई, पण बैठकीत ती शाळामास्तरीण होते. ते मीच शिकवलं होतं.

डॅलनाशीलची रीत अशी. तीन मंगळवार, तीन बैठका. पिंपातल्या वासाचं नाव ज्यानं आधी मोठ्यानं घेतलं, शब्द त्याचा. तो पाटीवर लिहायचा आणि मग पिंपाच्या कार्डावर उतरवायचा. दुसऱ्यानं तो शब्द परत वापरायचा नाही. "फळांसारखं", "छान", "गोडसर" असले शब्द चालत नाहीत. कुठलं फळ, कुठल्या दिवसाचं, कापलेलं की सालीसकट, ते सांगायचं. आणि प्रत्येक बैठकीत एक तरी खरं नाव मिळालं नाही, तर ते पिंप बाकीच्या मालात ओतून टाकायचं. नाव नाही तर किंमत नाही.

सहा पेले होते. पाच ओळखीचे निघाले: सभ्य, जाड, जरा कंटाळवाणे, आमच्या चर्चच्या समितीसारखे. सहावा मी उचलला आणि हात थांबला.

आधी मध. मग अक्रोडाची साल. आणि त्याखाली, अगदी तळाशी, ओली लोकर. कुठलीही नव्हे. शेगडीजवळ वाळत घातलेला जाड कोट, अस्तराला जुन्या पेपरमिंटच्या गोळीचा चिकटा.

"ओला लोकरी कोट," मी म्हणालो. "शेगडीजवळचा. खिशात पेपरमिंट."

इशबेलनं हुंगलं. तिचे डोळे मिटले. "आहे. बाई गं, खिसासुद्धा आहे." तिनं पाटीवर लिहिलं. "सर, हे मला आणखी दहा वर्षांत जमणार नाही."

"पंधरा धर," मी म्हणालो.

"कुठलं पिंप?" तिनं वॉटीला विचारलं.

"चौऱ्याऐंशी नंबरचं. बत्तीस वर्षांपूर्वी भरलेलं."

३

घरी जाताना नेहमीची बारीक भुरभुर होती. कोट शेगडीजवळ टांगला, चहा केला, खुर्चीत बसलो, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाच मिनिटं मला ते सापडेना.

पाद्री खाली जमिनीवर बसला होता. वीस वर्षांचा हा कोट. ओला झाला की त्याचा असा वास सुटतो की नेट्टा तो बाहेरच्या बोळात टांगायची. आणि मांजराला नेमका तोच प्रिय. कोट टांगला की ते त्याच्या खाली घोळाशी येऊन झोपतं, असा आजवरचा नेम. त्या दिवशी त्यानं कोट एकदा हुंगला आणि ते लांब गेलं.

मी उठून अस्तरात नाक खुपसलं. काही नाही. लोकर नाही, पेपरमिंट नाही. नळाच्या पाण्याला असतो तेवढाही वास नाही.

वय, मी स्वतःला म्हणालो. अडुसष्टाव्या वर्षी नाकानं रजा मागितली तर बिघडलं कुठं? मग मी घरभर हिंडलो. रॉकेल, कांदा, कोळसा, मांजराची मासळी, बुटाचं पॉलिश: सगळं जागच्या जागी, स्वच्छ, धारदार. नाक शाबूत होतं. फक्त कोट रिकामा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी तो वॉटीच्या नाकासमोर धरला. "कसला वास येतो?"

"नवा घेतलात की काय? वासच नाही." त्यानं परत हुंगलं आणि कोट जरा घाईनं माझ्या हातात दिला. "धोब्याकडे टाकला होता का?"

"हो," मी म्हणालो. एवढं सोपं कारण मला सुचलं नव्हतं, म्हणून मी ते ठेवून घेतलं.

४

दुसऱ्या मंगळवारी चौऱ्याऐंशीचा पेला हुंगून इशबेल माझ्या आधी बोलली. मला ते आवडलं नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

"पाईप," ती म्हणाली. "थंड झालेला. चेरीचा तंबाखू. आणि दांड्याला... थांबा हं... दाताखाली चावलेलं लाकूड. डाव्या बाजूनं चावणारा माणूस."

मी हुंगलं. शब्दन् शब्द बरोबर होता. माझे वडील डाव्या बाजूनं चावत. त्यांचा पाईप चाळीस वर्षं माझ्या शेगडीवरच्या फळीवर आहे.

"डावी बाजू कशावरून?" मी विचारलं.

"माहीत नाही सर. वाटलं." ती लहान मुलीसारखी हसली. "बरोबर आहे ना?"

"लिही," मी म्हणालो.

घरी जाऊन मी टोपीसुद्धा काढली नाही. पाईप फळीवर होता. तंबाखू भरायची वाटी हुंगली, दांडा हुंगला. दांड्यावर वडिलांच्या दातांच्या खुणा होत्या, डाव्या बाजूला, दिसत होत्या, बोटाला लागत होत्या. वास मात्र कधी नव्हताच, असा तो पाईप झाला होता. दुकानाच्या काचेमागे ठेवलेल्या चित्रातल्यासारखा.

पाईप मी धोब्याकडे टाकला नव्हता.

५

शुक्रवारी सकाळी मी तीन नंबरच्या गोदामात गेलो. कारकुनाचा स्वभाव असा की भुताची शंका आली तरी तो आधी तपासणी करतो.

गोदाम बुटकं, मातीच्या जमिनीचं, दगडी भिंतींवर काळी बुरशी. पिंपं तीन थरांत आडवी. दरवर्षी प्रत्येक पिंपातली थोडी व्हिस्की लाकडातून उडून जाते; आम्ही तिला देवदूतांचा वाटा म्हणतो. बत्तीस वर्षांत देवदूत जवळजवळ निम्मं पिंप पितात. त्यांचं नाक माझ्यापेक्षा बरं आहे असं मात्र मला कधी वाटलं नाही. ते कुठल्याही पिंपाला नाही म्हणत नाहीत.

"वॉटी, चौऱ्याऐंशी ठोकून दाखव."

"कशाला?"

"ठोक ना बाबा."

पिंपात माल किती आहे हे वॉटी बोटांच्या पेरांनी सांगतो. पिंपाच्या गोल तोंडावर खालून वर ठोकत जायचं. माल आहे तिथं आवाज दबका येतो. माल संपला की आवाज पोकळ होतो. त्यानं शेजारचं त्र्याऐंशी ठोकलं. दबका, दबका, दबका, आणि बरोबर मध्यावर पोकळ. मग चौऱ्याऐंशी. दबका, दबका, दबका. मध्य गेला. दबका. वॉटीचा हात थांबला. आणखी वितभर वर जाऊन आवाज पोकळ झाला.

"जुलैत हे निम्मं होतं," तो हळू म्हणाला. "मी स्वतः ठोकलंय."

"मोजायला चुकला असशील."

"मी?" त्याच्यातला मुकादम जागा झाला. "बायकोचा वाढदिवस चुकेन साहेब, पिंप नाही चुकणार!"

त्यानं बुचाच्या दोन्ही बाजूंनी लाकडी हातोडा मारला. असं मारलं की बूच सैल होऊन वर उडतं आणि पिंप हलकेच उसासा टाकतं. हा आवाज मी हजारदा ऐकला आहे. चौऱ्याऐंशीनं उसासा टाकला नाही. बूच निघालं आणि पिंपानं हवा आत घेतली. लांब, सावकाश, नाकानं घेतात तशी. मग ते थांबलं. आपण पेला हुंगल्यावर, नाव आठवेपर्यंत थांबतो ना, तसं.

वॉटीनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. दोन म्हातारे स्कॉट असल्या वेळी हवामानाबद्दल बोलतात. "थंडी वाढली," तो म्हणाला. "हो, वाढली," मी म्हणालो.

त्यानं तांब्याच्या नळीनं थोडा माल काढला. पेल्यावर नाव घेतलं की त्या वस्तूचा वास जातो का, हे पाहायला मी पेला धरला आणि न हुंगताच मोठ्यानं म्हणालो, "ओला कुत्रा. शेजारच्या मिसेस टॉशचा." गेली सात वर्षं मी त्या कुत्र्याच्या वासापासून सुटका मागतो आहे, हे जमलं असतं तर मी त्या पिंपाला पदकच दिलं असतं.

संध्याकाळी कुत्रा भेटला. पूर्वीइतकाच घाण वासाचा. म्हणजे त्या पिंपाला खोटं चालत नव्हतं. पेल्यात जे खरंच असेल त्याचंच नाव घ्यावं लागत होतं. मग ते कोणी का घेईना.

एक गोष्ट राहिली. पेला खाली ठेवताना तो नाकाजवळून गेला, आणि तळाशी काहीतरी होतं. लांबवर, जिन्यावरून कोणी उतरत यावं तसं. मी ते ओळखायच्या आत हात लांब केला.

६

तिसऱ्या मंगळवारी जायचं नाही, असं मी सोमवारी ठरवलं होतं. मंगळवारी साडेदहाला मी कोट घालत होतो. गेलो नसतो तर लोक म्हणाले असते, गेडिसचं नाक गेलं. अडतीस वर्षांत एकाही पिंपाला मी पाठ दाखवली नव्हती. शिवाय बाटलीवर नाव छापायचं होतं. हे सगळं मी डब्याकडे पाहत, डब्याला समजावत होतो.

खोलीत ओढ्याची घरघर. टेबलावर फक्त एकच निळा पेला, चौऱ्याऐंशीचा.

मी उचलला. मध नव्हता, अक्रोड नव्हता. थेट वर आलं. नुकत्याच फिरवलेल्या इस्त्रीखालचं सुती कापड, किंचित करपलेलं. व्हायोलेट फुलांच्या वासाच्या गोळ्या. आणि तिसरं, ज्याला गेल्या चार वर्षांत वर्षाकाठी तीनच श्वास मिळतात.

मी पेला खाली ठेवला. ठेवताना आवाजही झाला नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

"काही नाही," मी म्हणालो. "पाणी. पिंप मेलंय. ओतून टाका बाकीच्यात."

इशबेलनं हातातला खडू खाली ठेवला. अडतीस वर्षांत असं वाक्य या खोलीत माझ्या तोंडून निघालं नव्हतं. तिनं पेला घेतला, जेमतेम नाकाशी नेला आणि तिचा चेहरा बदलला. आधी आनंद. मग माझ्याकडे पाहून दया. दया मी ओळखतो. नेट्टाच्या दफनानंतर गावभर दयेचाच वास होता.

"वॉटीकाका, जरा बाहेर थांबता?" ती म्हणाली. दार लागल्यावर माझ्याजवळ सरकली. "सर, सर्दी आहे तुम्हाला. होतं असं. कोणाला कळायचं नाही. मी सांगते, आणि कार्डावर तुमच्या नावानं लिहिते."

आता इथं माझ्या हातात वेळ होता. पुरेसा होता, मी नंतर घड्याळ लावून पाहिलं आहे. "बोलू नकोस" एवढं म्हणता आलं असतं. पेला लवंडता आला असता. त्यासाठी फक्त एवढंच सांगावं लागलं असतं की मला वास आला आहे आणि मी घाबरलो आहे.

मी गप्प बसलो. आणि खरं तेच लिहायचं तर, मला ऐकायचं होतं. तिला तिन्ही सापडतात का ते.

"इस्त्री," इशबेल डोळे मिटून म्हणाली. "सुती कापड, जरा करपलेलं."

ओढा घरघरत होता.

"व्हायोलेटच्या गोळ्या. स्वस्तातल्या, कागदी पुडीतल्या."

मी टेबलाची कड धरली. तिसरं तिला जमणार नाही. ते कोणालाच जमणार नाही.

तिनं पुन्हा श्वास घेतला. सावकाश, थांबून, मी शिकवला तसा. "आणि बाईची मान," ती म्हणाली. "मागची बाजू, केस वर बांधलेले असतात तिथली. स्वयंपाकघरात उभी आहे. कोणीतरी मागून आलंय हे तिला कळलंय आणि ती मुद्दाम वळत नाहीये."

अचूक. एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझी छाती भरून आली. शागीर्द असावी तर अशी. मग तो अभिमान ओसरला आणि भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. वॉटी बाहेर जाऊन स्वस्थ बसणारा माणूस नाही. तो गोदामात जाऊन चौऱ्याऐंशी ठोकत होता. दबका. दबका. दबका. मी पोकळ आवाजाची वाट पाहिली. दबका. दबका. पार वरपर्यंत दबका.

७

डबा कपाटावर आहे. मी तो उघडलेला नाही. तिचा वाढदिवस फेब्रुवारीत होऊन गेला.

मार्चमध्ये बाटली आली. सुरेख चिठ्ठी, आर्चिबाल्ड गेडिस हे नाव सोनेरी अक्षरांत, त्याखाली पाटीवरचे शब्द: इस्त्री, व्हायोलेट, मान. ती मी डब्याशेजारी ठेवली. दोन्हींतलं एक रिकामं आहे हे मला माहीत आहे. कुठलं, तेही माहीत आहे. बाटलीचं बूच काढून तीन श्वास घ्यावेत असं रोज अकराच्या सुमारास वाटतं. पण आता तिथं कोण कोणाला हुंगेल याची मला खात्री नाही.

काल इशबेलचं पत्र आलं. तिचं अक्षर आनंदात असलं की तिरपं होतं.

"सर, गंमत ऐका. बाटल्या भरूनही चौऱ्याऐंशी रिकामं होत नाही, वॉटीकाका म्हणतात मोजणाऱ्यांनी घोळ घातला. ते आता तिथं एकटे जात नाहीत, कंबर दुखते म्हणे. मी सोमवारी सहज पुन्हा हुंगलं. काय निघालं सांगू? ताजी तासलेली पेन्सिल, दाढीचा साबण, जुनं पुस्तक आणि त्यामागे एक हट्टी म्हातारा! मला इतकं हसू आलं. मी मोठ्यानं तुमचं नावच घेतलं. पाटीवरही लिहिलं. रागावला नाहीत ना?"

रागावलो नाही. मी पत्र दोनदा वाचलं. साबणाच्या आधी मी लोकरीच्या मोज्यांचं नाव घेतलं असतं, पण तो आवडीचा प्रश्न आहे. वर्णन उत्तम आहे. मीच शिकवलंय तिला.

एवढंच, की सोमवारपासून पाद्री माझ्या मांडीवर येत नाही. आज सकाळी मी हात पुढे केला. त्यानं बोटं हुंगली, तळवा हुंगला, मग मान वर करून माझ्या खुर्चीकडे पाहिलं, आणि दाराशी जाऊन बसला. मी घरी यायची वाट पाहत बसतो तसा.